बेत मोडला; निर्धार नव्हे

गेल्या काही वर्षांत सीमाभागातील मराठी जनतेच्या वाट्याला एक प्रसंग वारंवार येऊ लागला आहे. मेळाव्याची तारीख ठरते, मैदान ठरते, गावोगाव बैठका होतात, वर्गणी जमते; आणि मेळावा तोंडावर आला असता परवानगी नाकारल्याचा निरोप येऊन थडकतो. २०२२ च्या डिसेंबरात, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन बेळगावात सुरू झाले त्या १९ तारखेस, व्हॅक्सिन डेपो मैदानावर भरावयाच्या महामेळाव्याची हीच गत झाली. २०२३ व २०२४ साली तोच अनुभव पुन्हा आला. शांततेने एकत्र जमण्याचा जो हक्क भारताच्या घटनेने प्रत्येक नागरिकास दिला आहे, तो मराठी माणसाने मागितला की शांततेस धोका उत्पन्न होतो, हा न्याय आम्हांस कधीही मान्य होणार नाही. त्याचा निषेध आम्ही पूर्वी केला आहे आणि पुढेही करू. परंतु आज आम्हांस वाचकांचे लक्ष एका निराळ्याच प्रश्नाकडे वेधावयाचे आहे. बेत मोडला, हे खरे. पण बेत मोडल्यानंतरच्या दुसऱ्या दिवशी आपण काय करतो?

ह्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर फारसे सुखावह नाही. परवानगी नाकारली गेली की आपल्यांत दोन तट पडतात. एका तटाचा संताप अनावर होतो. घोषणा होतात, तीव्र शब्दांची पत्रके निघतात, आणि दोन दिवसांनी तोच संताप आपल्याच माणसांवर उलटतो. अर्ज वेळेवर का दिला नाही, पुढाऱ्यांनी आधी बोलणी का केली नाहीत, अमुक गट मुद्दाम मागे राहिला की काय, अशी उणीदुणी निघू लागतात. दुसरा तट हातपाय गाळून बसतो. आता काय उरले, इतकी वर्षे झाली, आणखी किती दिवस हेच करावयाचे, असा त्याचा सूर असतो. वरवर पाहता हे दोन तट एकमेकांच्या विरुद्ध टोकांस उभे दिसतात, परंतु परिणाम दोहोंचा एकच. खानापूर तालुक्यातून पहाटे शिदोरी बांधून निघालेला कार्यकर्ता काहीएक काम न करता संध्याकाळी घरी परततो, आणि पुढच्या खेपेस त्याच्या शेजारी बसून येणारा माणूस एकाने कमी होतो. बंदी घालणाऱ्यास जे हवे असते ते हेच. मैदान रिकामे राहावे एवढाच त्याचा हेतू नसतो. माणसांची मने रिकामी व्हावीत हा त्याचा खरा हेतू असतो. पहिली गोष्ट त्याच्या हाती आहे. दुसरी मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे.

आमच्या मते ह्या साऱ्या घोटाळ्याचे मूळ एकाच चुकीत आहे. आपण बेत आणि निर्धार ह्या दोन वस्तू एकच समजतो. मेळावा हा बेत आहे. मराठी भाषकांचे स्वत्व राखणे व न्याय्य मार्गाने मातृभाषेच्या राज्यात जाणे हा निर्धार आहे. बेत काळावर, हवेवर, सरकारी मर्जीवर अवलंबून असतो. म्हणून तो मोडू शकतो. निर्धार मोडावयाचा तर तो आपला आपणच मोडावा लागतो. बेळगाव-खानापूरकडील भातशेती करणाऱ्या शेतकऱ्यास हा भेद कोणी शिकवावा लागत नाही. मृगाच्या आशेने तो धूळवाफेवर भात पेरतो. कधी पाऊस ओढ देतो आणि बी मातीतच वाळते. कधी तो इतका कोसळतो की उगवलेले कुजते. तेव्हा तो शेत विकून टाकीत नाही आणि पंधरा दिवस आभाळास शिव्या देत बांधावरही बसत नाही. हंगाम किती उरला, घरात बी किती उरले, वाफसा केव्हा येईल, ह्याचा तो हिशेब करतो. आणि दुबार पेरणी करतो किंवा रोपे मिळवून लावण करतो. पहिल्या पेरणीचे नुकसान तो विसरत नाही. पण त्या नुकसानीपायी उरलेला हंगामही दवडावा, इतका तो भोळा नसतो.

ही केवळ शेताच्या बांधावरची शहाणीव नव्हे. देशाच्या स्वातंत्र्यलढ्यात ह्याच शहाणिवेने एक मोठे वळण घेतले, आणि त्या वळणाशी आपल्या बेळगाव शहराचा साक्षात संबंध आहे. १९२२ च्या आरंभी गुजरातेतील बारडोली तालुक्यात सामुदायिक कायदेभंग करण्याचा महात्मा गांधींचा बेत पूर्ण ठरला होता. लोक तयार होते, व्हाइसरॉयना पत्र गेले होते, सबंध देशाचे डोळे त्या एका तालुक्याकडे लागले होते. तोच संयुक्त प्रांतातील चौरीचौरा येथे जमावाने पोलीस ठाणे जाळले व त्यात पोलीस मृत्युमुखी पडले. गांधींनी लढा तहकूब केला. काँग्रेसच्या थोरथोर पुढाऱ्यांस तो निर्णय मुळीच रुचला नाही. तुरुंगात असलेले कित्येक जण तर संतप्त झाले. पुढच्याच महिन्यात गांधींस अटक झाली आणि सहा वर्षांची शिक्षा होऊन त्यांची रवानगी येरवड्यास झाली. एका वर्षात स्वराज्य, ही १९२० सालची घोषणा हवेत विरली. देशभर निराशा पसरली, आणि कायदेमंडळात जावे की न जावे ह्यावरून काँग्रेसमध्ये उभी फूट पडण्याची वेळ आली.

१९२४ साली आजारपणामुळे गांधींची मुदतीपूर्वी सुटका झाली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेळगावास काँग्रेसचे अधिवेशन भरले. गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले असे हे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे हे त्याच्या स्वागताचे धुरीण होते. ह्या अधिवेशनात गांधींनी नव्या लढ्याची तुतारी फुंकली नाही. असहकार तूर्त तहकूब आहे हे त्यांनी उघडपणे मान्य केले, कायदेमंडळात जाऊ इच्छिणाऱ्या स्वराज्य पक्षाशी झालेला समझोता मान्य करून घेतला, आणि खादी, अस्पृश्यतानिवारण व हिंदु-मुसलमान ऐक्य ह्या कामांवर देशाची शक्ती एकवटावी असा आग्रह धरला. काँग्रेसच्या सभासदाने वर्गणीऐवजी दरमहा दोन हजार वार सूत द्यावे, असाही निर्णय तेथे झाला. युद्धाच्या भाषेची सवय लागलेल्या अनेकांस हे सारे पुळचट वाटले असल्यास नवल नाही. आणि सत्य सांगावयाचे तर सुताची ती अट टिकलीही नाही. वर्ष पुरे होण्यापूर्वीच ती ऐच्छिक करावी लागली. परंतु त्याच १९२५ सालच्या सप्टेंबरात अखिल भारतीय चरखा संघ स्थापन झाला, आणि खादीचे काम कोणत्याही एका आंदोलनाच्या चढउतारावर अवलंबून न राहता स्वतःच्या पायांवर उभे राहिले. मोडलेल्या बेतातूनही उपयोगी भाग वेचून घेता येतो, हा त्यातला धडा आहे.

आता बारडोलीचे पुढे काय झाले ते पाहा. १९२२ साली ज्यांचा लढा ऐन वेळी मागे घेतला गेला, त्या तालुक्यातील कार्यकर्ते पेटी-वळकटी गुंडाळून निघून गेले नाहीत. त्यांनी तेथेच आश्रम उभारले, शाळा चालविल्या, खादीचे काम केले, रानीपरज म्हणविल्या जाणाऱ्या आदिवासी वस्त्यांतून दारूबंदीचा प्रचार केला. सहा वर्षे हे काम चालले, आणि ह्या सहा वर्षांत त्यास वर्तमानपत्रांतून फारसे ठळक मथळे मिळाले नाहीत. मग सरकारने शेतसाऱ्यात सुमारे बावीस टक्के वाढ लादली, आणि १९२८ साली वल्लभभाई पटेलांच्या नेतृत्वाखाली त्याच तालुक्याने साराबंदीचा लढा पुकारला. जमिनी जप्त झाल्या, गुरेढोरे ओढून नेली गेली, तरी तालुका फुटला नाही. अखेरीस सरकारला चौकशी नेमावी लागली आणि वाढ सहा टक्क्यांच्या आसपास उतरली. १९२८ चा विजय १९२८ साली तयार झाला नव्हता. तो १९२२ च्या निराशेनंतर, कोणी पाहत नसताना, गावागावांतून तयार झाला होता. वल्लभभाईंच्या हाती आले ते सहा वर्षे राबून मशागत केलेले शेत होते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारच्या गोव्याचे. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल घेण्यात आला. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ह्या बाजूस १,३८,१७० मते पडली आणि केंद्रशासित राहावा ह्या बाजूस १,७२,१९१. विलीनीकरणवाद्यांचा हा केवळ बेत मोडला नव्हता; ज्यासाठी पक्ष काढला ते उद्दिष्टच लोकांच्या मताने दूर सारले गेले होते. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून दयानंद बांदोडकर ह्यांच्या मंत्रिमंडळाने आधीच राजीनामा दिला होता, म्हणजे हाती सत्ताही नव्हती. अशा वेळी महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने दार लावून घेतले असते तर त्यास कोणी दोष दिला नसता. परंतु दोनच महिन्यांनी झालेल्या विधानसभेच्या निवडणुकीस तो पक्ष सामोरा गेला, आणि ज्या जनतेने विलीनीकरण नाकारले त्याच जनतेने बांदोडकरांस पुन्हा मुख्यमंत्रिपदी बसविले. कारण खेड्यापाड्यांत निघालेल्या मराठी प्राथमिक शाळा आणि कसणाऱ्या कुळांच्या बाजूने उभे राहणारे सरकार लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते. गोव्याचा प्रश्न आणि आपला प्रश्न एक नव्हे, हे आम्ही जाणतो. तेथे लोकांस विचारले तरी गेले, येथे आजतागायत कोणी विचारलेले नाही. तथापि, मोठा बेत मोडल्यावरही लोकांच्या रोजच्या जीवनाशी असलेले नाते ज्याने तोडले नाही त्यास लोकही सोडीत नाहीत, एवढे सत्य दोन्ही ठिकाणी सारखेच लागू आहे.

आता आपल्या घराकडे वळू. मे १९४६ मध्ये बेळगावच्याच साहित्य संमेलनातून संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीस संघटित रूप आले. आणि दहा वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तेच बेळगाव म्हैसूर राज्यात घातले गेले. सेनापती बापटांच्या उपोषणानंतर १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला तेव्हा केवढी आशा पालवली होती! १९६७ च्या अहवालाने बेळगाव शहर आपल्यापासून तोडले आणि ती आशा करपली. २००५ साली बेळगाव महापालिकेने विलीनीकरणाचा ठराव केला. उत्तरादाखल महापालिकाच बरखास्त झाली. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेला दावा दोन दशकांहून अधिक काळ रेंगाळला. सीमाभागाइतके मोडलेले बेत पचविलेली जनता ह्या देशात फारशी नसेल. आणि तरीही मराठी येथे जिवंत आहे. ती कशामुळे? १८४८ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयासारख्या संस्थांमुळे, शाळांच्या फुटक्या कौलांखाली शिकविणाऱ्या शिक्षकांमुळे, आणि कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर अशा गावांनी स्वतःच्या पदरास खार लावून भरविलेल्या साहित्यसंमेलनांमुळे. मोठमोठे बेत मोडत असताना ही छोटी कामे ज्यांनी सोडली नाहीत, त्यांनी आपल्याला तगविले.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. २०१८ व २०२३ ह्या विधानसभेच्या दोन्ही निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. त्याच भागात, २०२१ साली झालेल्या लोकसभेच्या पोटनिवडणुकीत समितीच्या तरुण उमेदवारास एक लाखाहून अधिक मते मिळाली होती. म्हणजे माणसे गेलेली नाहीत. ती आहेत, मात्र दोन मोर्चांच्या मधल्या काळात त्यांच्या दाराशी कोणी जात नाही. बेत मोडला की आपण थेट पुढच्या बेताची वाट पाहत बसतो, ही आपली खरी दुखणी आहे.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत.

पहिली गोष्ट म्हणजे कोणताही मोठा कार्यक्रम ठरविताना त्याच बैठकीत दुसरा, लहान कार्यक्रम ठरवून ठेवावा. मैदान मिळाले नाही तर त्याच दिवशी, त्याच वेळी, प्रत्येक गावी व शहराच्या प्रत्येक पेठेत आपापल्या देवळात, तालमीत, वाचनालयात किंवा कोणाच्या ओसरीवर माणसे जमतील, एकच ठराव वाचतील आणि सह्या करतील, अशी व्यवस्था आधीच असली म्हणजे परवानगी नाकारल्याने मेळावा मरत नाही. त्याची शंभर लहान रूपे होतात. ह्यात कायद्याचे बंधन असेल तेथे ते जाणत्या वकिलाकडून समजून घ्यावे, हेही सांगावयास नको.

दुसरी गोष्ट, नकार लेखी घ्यावा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणे अवघड असते. लेखी आदेश हाती असला म्हणजे उच्च न्यायालयाचे धारवाड खंडपीठ दूर नाही. अर्ज कधी दिला, उत्तर कधी आले, कारण कोणते दिले, ह्याची वर्षवार फाईल ज्या चळवळीजवळ आहे, तिचा प्रत्येक मोडलेला बेत पुराव्याचा एक कागद होतो. ज्या चळवळीजवळ ती नाही, तिचा मोडलेला बेत चार दिवसांच्या गप्पांचा विषय होतो.

तिसरी गोष्ट, हिशेब त्याच आठवड्यात लोकांपुढे मांडावा. वर्गणी किती जमली, मांडववाल्यास किती गेली, उरली किती, आणि उरलेली रक्कम कोणत्या शाळेस वा वाचनालयास दिली, हे जाहीर झाले म्हणजे कुजबुजीस जागा राहत नाही. बेत मोडल्यावर संघटना बहुधा शत्रूच्या घावाने फुटत नाही. न मांडलेल्या हिशेबाने फुटते.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोकळा पडलेला दिवस व मोकळे पडलेले हात कामास लावावेत. ज्या १९५६ सालाने आपल्यास म्हैसूर राज्यात लोटले, त्याच सालच्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ आणि ३५०ब ही दोन कलमेही घटनेत घातली. पहिले कलम भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांस प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्यास राज्यांस सांगते. दुसऱ्याने भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमण्याची तरतूद केली, आणि त्याचे अहवाल संसदेपुढे ठेवले जातात. परंतु त्या अहवालात आपल्या तक्रारी याव्यात तर त्या कोणीतरी लिहून पाठवावयास हव्यात. आपल्या गावच्या मराठी शाळेचा पट किती, शिक्षक किती, रिकाम्या जागा किती, मराठीतून कागदपत्रे मागितली असता काय उत्तर मिळाले, ही माहिती आपल्यापैकी किती गावांनी नीट लिहून ठेवली आहे? मेळाव्यास निघालेल्या पन्नास तरुणांनी मेळावा रद्द झाल्याच्या दिवशी पन्नास शाळांची ही माहिती गोळा केली, तर त्या दिवसाचे काम मेळाव्याहून उणे ठरणार नाही.

ह्यावर कोणी म्हणेल, हा नेभळटपणाचा उपदेश आहे. आधी हक्क हिरावून घेतला, आणि आता तुम्ही आम्हांस शाळांचे पट मोजावयास सांगता. आम्ही तसे मुळीच सांगत नाही. अन्याय गोड मानून घेणे हे विधायक वृत्तीचे लक्षण नव्हे. मैदान पुन्हा मागावयाचे, पुढच्या वर्षी पुन्हा मागावयाचे, आणि मिळेपर्यंत मागावयाचे, ह्यात तिळमात्र तडजोड नाही. १७ जानेवारी १९५६ रोजी ज्यांनी आपल्या मागणीसाठी प्राण वेचले, त्यांच्या स्मृतीस साक्ष ठेवून ती मागणी करावयाची आहे. परंतु रागाचेही एक भांडवल असते, आणि ते एका संध्याकाळी घोषणांत उधळून टाकणारा माणूस दुसऱ्या दिवशी कफल्लक होतो. तोच राग जो कामात गुंतवितो, त्यास वर्षभर पुरतो. १९२२ साली बारडोलीचा राग काही कमी नव्हता. त्याने काम केले, म्हणूनच १९२८ साली तो सरकारास परवडेनासा झाला.

२०२२ च्या त्या डिसेंबरातही जे कार्यकर्ते हात बांधून बसले नाहीत, त्यांनी राज्याची सीमा ओलांडून कोल्हापुरास आपले गाऱ्हाणे नेले. आणि २७ डिसेंबरास महाराष्ट्र विधिमंडळाने ८६५ मराठी गावांच्या बाजूने एकमताने ठराव केला. ठरावाने सीमा हलत नाही, हे आम्हांस पुरते ठाऊक आहे. तरीसुद्धा मैदानावर न झालेली सभा निराळ्या वाटेने दोन्ही राज्यांच्या कानी गेली, एवढे तर झाले.

पुढील हिवाळ्यात अधिवेशन पुन्हा येईल, अर्ज पुन्हा जाईल. परवानगी मिळाली तर उत्तमच. मैदान भरून टाकू. न मिळाली, तर त्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक गावच्या समितीने स्वतःस एकच प्रश्न विचारावा: आज आपल्या हातून मराठीचे कोणते काम झाले? ह्या प्रश्नाचे उत्तर ज्या गावाजवळ असेल, त्या गावाचा बेत मोडला असेल. पण ते गाव हरलेले नसेल. अशी गावे वाढविणे हे कोणत्याही सरकारच्या परवानगीवाचून होण्यासारखे काम आहे. त्यास आजच लागले पाहिजे.